रोलर शोधू नका, त्याची फांदी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टच्या शेवटी पुण्याहून ग्रुप टूरबरोबर केनियाला जाताय, त्यात मसाई माराचा मुक्काम आहे. हातात क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर आणि ७०-३०० मिमीची लेन्स. लायलॅक-ब्रेस्टेड रोलर या निळ्या-जांभळ्या पक्ष्याचा पंख उघडलेला एक तरी चांगला फोटो हवाय. तो दिसेल का, कुठे शोधायचा, आणि त्यासाठी १५०-६०० भाड्याने घ्यावी का?

दिसेल. त्याची काळजीच करू नका. मारात हा पक्षी वर्षभर राहतो, उघड्यावर बसतो आणि लपायचं त्याच्या स्वभावातच नाही. पहिल्याच फेरीत कुणीतरी गाडीतून ‘तो बघा निळा’ म्हणून ओरडणार. अडचण पुढे आहे. गाडी त्याच्यापाशी किती वेळ थांबेल, ती थांबेल तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी असेल का, आणि तो फांदी सोडेल त्या अर्ध्या सेकंदाला तुमचं बोट तयार असेल का, हे तीन खरे प्रश्न आहेत. लेन्सचा नंबर या तिन्हींनंतर लागतो.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. तुमच्या गाडीत किती जण आहेत, ते किती समजूतदार आहेत, ड्रायव्हर-गाइडला पक्ष्यांची आवड आहे की तो फक्त सिंह-चित्त्यांवर गाडी पळवतो, त्या दिवशी ढग आहेत का, यावर बरंच अवलंबून आहे. मी पूर्व आफ्रिकेत बरीच वर्षं पक्ष्यांचे फोटो काढते आहे, छोटे गटही घेऊन जाते. तिथल्या अनुभवातून जे सांगण्यासारखं आहे ते सांगते.

आधी पक्ष्याविषयी, कारण त्याच्या सवयींवरच पुढचं सगळं उभं आहे. आपल्याकडे माळरानावर तारेवर बसलेला नीलपंख, ज्याला बरेच जण तास किंवा चास म्हणतात, त्याचा हा जवळचा नातेवाईक. वंश एकच, कोरॅशियस. शेपटीच्या दोन लांब पिसांसकट लांबी साधारण ३६ सेंमी. गळा आणि छाती फिकट जांभळी, पोट आकाशी, पाठ मातकट तपकिरी, भुवई पांढरी. नर-मादी दिसायला सारखे. पिल्लं फिकट असतात आणि त्यांना ती लांब पिसं नसतात. मारात त्याच्यासारखाच बसणारा दुसरा एक रोलर आहे, रूफस-क्राउन्ड. तो अंगाने भरीव, खालून विटकरी-गुलाबी आणि त्यावर पांढऱ्या रेघा असलेला, शेपूट चौकोनी. गाडीतले लोक चकाकणाऱ्या निळ्या मैनांनाही रोलर म्हणून मोकळे होतात. युरोपियन रोलर, म्हणजे आपला काश्मिरी नीलपंख, ऑगस्टअखेर सहसा तिथे पोचलेला नसतो. साधारण तुमच्या सहलीनंतर तो कच्छवरून आफ्रिकेच्या वाटेला लागतो, त्यामुळे तो गोंधळ तुम्हाला नाही.

आता सवय. रोलर हा बसून वाट पाहणारा शिकारी आहे. जमिनीपासून एक ते तीन मीटरवरची वाळकी फांदी, खुंट, वारुळाचं टोक अशी मोक्याची जागा निवडतो, तिथून गवतात नजर लावतो, नाकतोडा, भुंगा, विंचू, सरडा काहीही हललं की झेप घेतो. बऱ्याचदा भक्ष्य चोचीत धरून त्याच फांदीवर परत येतो, ते फांदीवर आपटतो, गिळतो आणि पुन्हा बसतो. ‘त्याच फांदीवर परत येतो’ हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. उडतानाच्या फोटोची सगळी आशा तिथे आहे.

म्हणूनच मी गटातल्या लोकांना सांगते की रोलर शोधू नका, त्याची फांदी शोधा. दिवसभरात रोलर अनेक दिसतील. त्यातले बहुतेक सोडून द्यायचे. आभाळाच्या पार्श्वभूमीवर उंच शेंड्यावर बसलेला सोडा, काटेरी जाळीत अर्धा लपलेला सोडा, सूर्याच्या बाजूचा सोडा. थांबायचं ते अशा पक्ष्यासाठी, ज्याची फांदी खाली आहे, एकटी आहे, मागे लांबवर पिवळं गवत आहे आणि रस्त्यापासून दहा-पंधरा मीटरच्या आत आहे. ही अट महत्त्वाची, कारण माराच्या मुख्य अभयारण्यात रस्ता सोडून गाडी गवतात घालायला बंदी आहे. ड्रायव्हर ‘घालतो’ म्हणाला तरी नको म्हणा. दंड त्याला होतो आणि चाकोऱ्या गवतात राहतात. शेजारच्या काही खासगी संरक्षित क्षेत्रांत नियम वेगळे असतात, पण ग्रुप टूर सहसा मुख्य भागातच फिरते.

माराच्या मैदानात लांबलांब उभी असलेली जी एकटी झाडं फोटोंमध्ये दिसतात, त्यांतली पुष्कळशी बाभळीची नसून बॅलॅनाइटिसची, म्हणजे आपल्या हिंगणाच्या वंशातली आहेत. त्यांच्या खालच्या वाळक्या फांद्यांवर नजर ठेवा. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे कळप तिथे असतात आणि त्यांनी चरलेल्या भागात गवत आखूड होतं. आखूड गवतात किडा लवकर दिसतो, म्हणून तिथला रोलर जास्त वेळा झेपावतो. उंच गवताच्या कडेला बसलेला तासभर नुसता बसून राहील. म्हणजे त्याच रंगाचा, तितकाच जवळचा पक्षी असला तरी मी आखूड गवतावरचा निवडेन. विमानांच्या धावपट्टीच्या कडा आणि कॅम्पभोवतीची मोकळी जागाही यासाठी चांगली.

प्रकाशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आपल्या सवयी तिकडे चालत नाहीत. रोलरच्या पंखांतला निळा हा रंगद्रव्याचा निळा नाही. पिसांच्या आत हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांची स्पंजासारखी रचना असते आणि तिच्यावरून निळा प्रकाश परत फेकला जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रकाश समोरून पडला तर पंख पेटल्यासारखा दिसतो, आणि मागून आला तर तोच पंख काळपट होतो. इतर पक्ष्यांचे सूर्याविरुद्धचे फोटो मला आवडतात. रोलरचे नाहीत.

दुसरी गोष्ट, मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, दीड अंश दक्षिणेला. सूर्य साडेसहाच्या पुढेमागे उगवतो आणि जवळपास सरळ वर चढतो, तासाला १५ अंश. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य जितका वर असतो, तितका तिथे दहाच्या आतच येतो. त्यामुळे ‘सकाळची वेळ’ म्हणजे तिथे सात ते फार तर नऊ. खालून येणारा तिरपा प्रकाश पंखांच्या आतल्या बाजूला पोचतो. सूर्य डोक्यावर आला की पंखाची खालची बाजू सावलीत जाते आणि पांढरी भुवई जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग होते. शिवाय दहानंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि लांबचा कुठलाही फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट येतो. लोक लेन्सला नावं ठेवतात, पण दोष हवेचा असतो. संध्याकाळी साडेचार ते सहा ही दुसरी वेळ, पण तेव्हा बहुतेक गाड्या गेटकडे पळत असतात. माझा भरवसा सकाळवर.

ढग असतील तर बसलेल्या रोलरचे फोटो उलट छान येतात, रंग शांत आणि सावल्या मऊ. फक्त उडतानाच्या फोटोसाठी लागणारा शटर स्पीड मिळवताना आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) फार वर जातो. अशा दिवशी उड्डाणाचा हट्ट सोडून जांभळी छाती आणि डोळा नीट टिपा.

आता वारा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीमागून येत असतील, तर उडतानाही तो तुमच्याकडे आणि उतरतानाही तुमच्याकडेच. गवत कुठे झुकतंय ते पाहा आणि गाडी थांबवायच्या आधी ड्रायव्हरला दहा मीटर पुढे की मागे ते सांगा. थांबल्यावर गाडी परत हलवली तर पक्षी उठतो. जवळ जातानाही सरळ त्याच्या अंगावर गाडी नको. कडेकडेने, मध्ये एकदोनदा थांबत. तिथले ड्रायव्हर ‘पोले पोले’ (स्वाहिलीत ‘हळूहळू’) म्हटलं की लगेच समजतात. इंजिन बंद करायला सांगा, कारण ते सुरू असताना गाडी थरथरते आणि गाडीवर टेकवलेली लेन्सही.

आता मुख्य मुद्दा. जवळजवळ सगळे जण पक्षी फांदी सोडतानाचा क्षण पकडायला बघतात. मी परत येतानाचा पकडायला सांगते. फांदी सोडताना रोलर आधी खाली झुकतो, मग पंख अर्धे मिटून गवताकडे सुटतो. तो कधी सुटेल हे त्याच्या मनावर. तुम्ही दहा मिनिटं कॅमेरा डोळ्याला लावून हात दुखवून घेता आणि नेमकं पाणी प्यायला कॅमेरा खाली केलात की तो जातो. परत येताना मात्र त्याला वेग कमी करावा लागतो. फांदीजवळ तो थोडा खालून वर येतो, शेपूट पसरतो आणि पंख पूर्ण उघडून हवा अडवतो. गडद निळा आणि आकाशी असे दोन्ही पट्टे त्या वेळी एकदम दिसतात. शिवाय तो कुठे येणार हे तुम्हाला माहीत आहे आणि कधी येणार हेही, कारण तो गवतात उतरलेला तुम्ही डोळ्यांनी पाहताय.

म्हणून तो उडाला की लेन्सने त्याच्या मागे धावू नका. कॅमेरा फांदीवरच ठेवा. फोकस आधीच फांदीवर घेतलेला असू दे आणि ऑटोफोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर ठेवा, म्हणजे शटर दाबताना तो मागच्या गवतावर पळणार नाही. अ‍ॅपर्चर एफ ८. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीला, १२ मीटरवर, एफ ८ ने साधारण अर्धा मीटर खोली स्पष्ट मिळते. फांदीच्या पुढेमागे पाव मीटर. उतरणाऱ्या पक्ष्याला एवढं बहुतेक वेळा पुरतं. फांदीचं टोक चौकटीत मधोमध नको. तो ज्या बाजूने येईल त्या बाजूला आणि वर जागा सोडा. एक डोळा व्ह्यूफाइंडरला, दुसरा उघडा. गवतातून निळं काही वर उठलेलं दिसलं की बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, सुरू. सेकंदाला पाच-सहा फ्रेमच्या कॅमेऱ्यात त्यातले एकदोनच कामाचे निघतील, तेवढे पुरे.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या क्षणांचे फोटो साठवून ठेवायची सोय असते. ओएम सिस्टिमवाले तिला प्रो कॅप्चर म्हणतात. ती असेल तर फांदी सोडतानाचा क्षणही सोपा होतो. तुमच्याकडे ती नाही, म्हणून तर परतीची वाट.

तरीही सुटतानाचा प्रयत्न करायचाच असेल तर खुणा पाहा. इकडेतिकडे फिरणारी मान एका जागी स्थिर होते, अंगाची पिसं चिकटून पक्षी सडपातळ दिसतो आणि तो पुढे कलतो. उडण्याआधी पुष्कळदा शिटतो. हे दिसलं की बटण दाबा, उडायची वाट बघू नका. आणि एक सूचना, ड्रायव्हरला दार आपटायला किंवा टाळ्या वाजवायला सांगून पक्षी उडवू नका. तसा उडालेला पक्षी तुमच्याकडे पाठ करून लांब जातो आणि त्या फांदीवर परत येत नाही. सभ्यतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी फोटो म्हणूनही ते नुकसानच.

सेटिंग सांगायची तर उड्डाणाला शटर १/२५०० किंवा त्याहून वेगवान, बसलेल्याला १/६४० ते १/१००० भरपूर. मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडी सोपी पडते. सकाळच्या उन्हात १/२५०० आणि एफ ८ ला आयएसओ १२५० ते २५०० च्या घरात जाईल. थोडे दाणे दिसतील, घाबरू नका. थरथरलेला फोटो घरी सुधारत नाही, दाणेदार सुधारतो. मागे पिवळं गवत असेल तर एक्स्पोजर शून्यावर किंवा एक तृतीयांश स्टॉप कमी. मागे पांढुरकं आभाळ असेल तर एक स्टॉप वाढवा, पण मग तो पक्षी आपण सोडायचाच होता. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगळा दिसेल असा ठेवा. आकाशी पिसांत निळ्याचा आलेख उजव्या भिंतीला आधी चिकटतो आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइलच काढा. जांभळी छाती ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये कधी गुलाबी तर कधी करडी होते. रॉमध्ये ती घरी डेलाइटवर आणता येते.

आता लेन्स. वरचं अंतर धरून हिशोब करा. ३०० मिमी, क्रॉप सेन्सर, १२ मीटर. चौकटीत रुंदीला सुमारे ९५ सेंमी मावतात. बसलेला रोलर शेपटीसकट ३६ सेंमी, पंख उघडले की अर्धा मीटर किंवा थोडा जास्त. म्हणजे उडतानाचा पक्षी अर्ध्याहून जास्त रुंदी भरतो. याहून जवळची चौकट असेल तर पंखाचं टोक कापलं जाण्याची भीती. तेव्हा उड्डाणासाठी तुमची ७०-३०० पुरेशी आहे. १५०-६०० चा फायदा आहे तो लांबच्या, बसलेल्या पक्ष्यांना आणि बिबट्याला. ती जड असते, ग्रुपच्या भरलेल्या गाडीत फिरवताना शेजाऱ्याच्या कानाला लागते आणि सवय नसेल तर पक्षी चौकटीत सापडेपर्यंत तो उडालेला असतो. पूर्ण सहलीचा विचार करून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण निघायच्या निदान पंधरा दिवस आधी आणि हाताळून. फक्त रोलरसाठी घेऊ नका. त्या पैशांत गाडीतली खिडकीची पक्की जागा मिळत असेल तर ती आधी घ्या.

ट्रायपॉड नेऊ नका, गाडीत उभा राहत नाही. लेन्स टेकवायला रिकामी बीन बॅग (कापडी पिशवी) न्या आणि तिथे तांदूळ किंवा राजमा भरा. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला धुळीपासून झाकायला जुना उशीचा अभ्रा बरा. ऑगस्टमध्ये धूळ भरपूर असते, गाडीत लेन्स बदलू नका. छत उघडणाऱ्या गाडीत सगळे उभे राहून छतातून फोटो काढतात. खाली बसलेल्या रोलरसाठी तुम्ही सीटवर बसून खिडकीतून काढा. डोळ्याच्या पातळीवर आलात की मागचं गवत लांब जातं आणि पार्श्वभूमी एकसारखी होते.

सगळ्यात अवघड भाग, म्हणजे बाकीची मंडळी. नदी ओलांडणारे विल्डबीस्ट बघायला आलेल्यांना एका पक्ष्यासाठी अर्धा तास थांबवणं योग्यही नाही आणि शक्यही नाही. पहिल्या संध्याकाळीच टूर लीडर आणि ड्रायव्हरला सांगा की मला अमुक पक्षी हवा आहे, चांगली जागा दिसली तर दहा मिनिटं द्या. दहा मिनिटांचा आकडा सांगितला की लोक कबूल होतात. ‘थोडा वेळ’ म्हटलं की कुरकुरतात. ड्रायव्हरला मोबाइलवर तुम्हाला हवा तसा फोटो दाखवून ठेवा, खालची फांदी आणि मागे गवत. त्याची नजर आपल्यापेक्षा कितीतरी तयार असते.

आणि फुकट मिळणारा वेळ वापरा. सिंह झोपलेले असतात आणि पाच-सहा गाड्या ते उठायची वाट बघत इंजिन बंद करून उभ्या असतात. चिवड्याचा डबा फिरत असतो. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघा. आखूड गवत आणि वाळकी फांदी असेल तर रोलर असण्याची शक्यता चांगली, आणि ही गाडी आता अर्धा तास हलणार नाही. माझ्या गटातल्या लोकांना मिळालेले रोलरचे बरेचसे चांगले फोटो असे सिंहांच्या कृपेने आलेले आहेत.

जायच्या आधी सराव मात्र करा. पावसाळ्यात पुण्याच्या आसपास नीलपंख सहज मिळेलच असं नाही, पण वेडा राघू आणि कोतवाल आहेत. दोघेही तसेच फांदीवरून किंवा तारेवरून झेपावून परत येणारे. वेडा राघू खूप लहान आणि चपळ. तो परत उतरताना दहातला एक जरी स्पष्ट यायला लागला, तरी तुमचं बोट तयार झालं असं समजा. सुरुवात शेताच्या बांधावरच्या कोतवालापासून करा. तो मोठा आहे आणि माणसाला फारसा भीत नाही. फक्त तो काळा असल्याने एक्स्पोजरचे आकडे त्याच्यावरून ठरवू नका, तिथे फांदीवर फोकस धरून ठेवायचा आणि वेळ साधायचा सराव करा.